भागवत सरांचं आदर्श वाचन

वाचन कसं शिकवावं याचं प्रशिक्षण घेतलेला एकच शिक्षक आमच्या कॉलेजात आहे, आणि त्यांनी ते अडतीस वेळा घेतलंय. भागवत खरात. मराठीचे प्राध्यापक आणि 'वाचन साहाय्य केंद्रा'चे समन्वयक. केंद्र म्हणजे माझ्या ग्रंथालयाच्या मागची खोली. दोन बाकं, एक टेबल आणि एक कूलर, तोही उन्हाळा लागला की प्राचार्यांच्या केबिनमध्ये बदलीवर जातो. पाटी मात्र दारापेक्षा रुंद. मी झेबा शेख, इथली ग्रंथपाल. केंद्राची चावी माझ्याकडे असते, त्यामुळे सरांबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं त्यांच्या बायकोलाही नसेल. ती बिचारी त्यांना सणावारालाच बघते. एरवी सर प्रशिक्षणाला गेलेले असतात.

आमचं कॉलेज जानेफळच्या पुढे, रस्त्याच्या कडेला. एसटी येते तेव्हा भरतं आणि एसटी जाते तेव्हा सुटतं. पोरं येतात ती बारावीला सत्तर-सत्तर टक्के घेऊन. पुस्तक पुढं ठेवलं की मात्र ओळीवर बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडत जातात आणि परिच्छेदाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असतात. यात पोरांचा काय दोष? त्यांच्याजवळ बसून कोणी कधी वाचून घेतलंच नाही. अशा मुलांसाठी काहीतरी करा, असा शेरा तपासणी समितीनं मारला, म्हणून केंद्र झालं. समितीनं पोहण्याच्या तलावाचा शेरा मारला असता तर तलावही झाला असता. पाण्याचं पुढची समिती आल्यावर बघितलं असतं.

सर मूळचे धाडचे. त्यांचे वडील कारभारी खरात आठवडी बाजारात कासरे आणि दोरखंड विकायचे. घरात शिक्षणाचा गंध नाही, पण पोराला देवानं आवाज असा दिला की ऐकत राहावं. भागवत सरांनी वाचलं तर पंप जोडण्याची माहितीपत्रिकासुद्धा गोड वाटते. या आवाजावर त्यांनी शाळेत बक्षिसं घेतली, कॉलेजात घेतली, आणि नोकरीची पहिली दोन वर्षं वर्गही असा रंगवला म्हणतात की दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीशी उभी राहायची. मग त्यांना प्रशिक्षणाची चटक लागली.

पहिलं प्रशिक्षण अमरावतीला. तिथं त्यांना फाईल मिळाली, पेन मिळालं, कापडी पिशवी मिळाली, दुपारच्या जेवणात गुलाबजाम मिळाले आणि शेवटच्या दिवशी माइकवरून 'प्राध्यापक भागवत खरात' असं नाव पुकारलं गेलं. आमच्या कॉलेजात माइक प्राचार्यांच्या हातातून सुटत नाही. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून स्वतःचं नाव एवढ्या मोठ्यानं सरांनी प्रथमच ऐकलं. परत आले ते सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र लॅमिनेट करूनच. त्यानंतर वाचन अध्यापन, वाचन उपचार, वाचन समुपदेशन, वाचन नेतृत्व, असं एकही वाचन त्यांनी सोडलं नाही. फक्त वाचायचं तेवढं राहिलं.

त्यांनी एकदा मलाही सोबत नेलं होतं, म्हणून सांगते. तीन दिवसांचं होतं. पहिला दिवस सत्कारात गेला. शाल, नारळ, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. दुसऱ्या दिवशी पन्नाशीच्या प्राध्यापकांनी गोलात उभं राहून टाळ्यांचा खेळ खेळला, कारण त्यानं म्हणे संकोच जातो. दुपारी तज्ज्ञांनी पडद्यावर मजकूर दाखवला आणि तोच आम्हाला वाचून दाखवला. वाचन शिकवणाऱ्या साठ माणसांना वाचता येत असेल, यावर तज्ज्ञांचा विश्वास नसावा. तिसऱ्या दिवशी 'प्रशिक्षण कसे वाटले' हा कागद आला. तो कोणीच वाचला नाही. शेजारच्यानं जिथं खूण केली तिथं खूण करून सगळे फोटोला पळाले. परतीच्या गाडीत सर म्हणाले, "मॅडम, काय ऊर्जा मिळते ना!" मला पित्त झालं होतं.

आता काजलबद्दल सांगते, कारण हे सगळं पुराण तिच्यामुळेच लिहायला घेतलंय.

काजल बीए पहिल्या वर्षाची. लोणार रोडवरच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. समाजशास्त्रात दोनदा नापास झालेली. तिची आई सोजराबाई एकदा कॉलेजात येऊन माझ्यासमोरच तिला सांगून गेली, "आता तिसऱ्या डावी राह्यली तं घरी बसाचं. मंग मले सांगू नको काई." सोजराबाई तोंडानं फटकळ, पण शब्दाची पक्की. काजलची शेवटची संधी एप्रिलमध्ये होती.

ही पोरगी ढ नव्हती. उलट तिच्या डोक्यात टेपच होती. एसटीत तिची मैत्रीण गुलनाज नोट्स मोठ्यानं वाचायची आणि काजल खिडकीबाहेर बघत ऐकायची. दोनदा ऐकलं की पाठ, स्वल्पविरामासकट. पण परीक्षेत प्रश्न वाचावा लागतो, आणि तिथं गुलनाज नसते. प्रश्नात 'कुटुंब' हा शब्द ओळखीचा दिसला की काजल कुटुंबाबद्दल जेवढं पाठ असेल तेवढं चार पानं लिहून मोकळी व्हायची. प्रश्नानं काय मागितलंय, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. विचारलं आंब्याचं, उत्तर चिंचेचं, आणि तेही अगदी सुवाच्य अक्षरात.

तिला भागवत सरांच्या केंद्रात पाठवलं. सर नेमके दोन प्रशिक्षणांच्या मधल्या फटीत सापडले होते. त्यांनी तिला समोर बसवलं आणि शिकून आलेली पद्धत लावली. पद्धतीची पहिली पायरी म्हणजे 'आदर्श वाचन'. आधी शिक्षकानं उतारा वाचून दाखवायचा. सरांनी वाचला. तो आवाज! माझा रजिस्टरवरचा हात थांबला. मग दुसऱ्या पायरीवर त्यांनी पुन्हा वाचला. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थ्यानं वाचायचं. काजलनं पुस्तक हातात धरलं आणि उतारा घडाघडा म्हणून दाखवला. कुठं अडखळणं नाही, की काही नाही. सरांचा आवाज जिथं चढला तिथं तिचा चढला, त्यांनी जिथं श्वास घेतला तिथं तिनं घेतला.

सर खुर्चीतून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. म्हणाले, "झेबा मॅडम, बघितलं? तीन पायऱ्या! फक्त तीन!"

मी बघितलं होतं. हेही बघितलं होतं की उतारा पान उलटून पुढं गेला तेव्हा काजलनं पान दोन वाक्यं उशिरा उलटलं. डोळा कागदावर असता तर असं झालं नसतं. मला तेव्हाच कळलं, आणि मी गप्प बसले. का बसले? एक तर सर इतके आनंदात होते. दुसरं, मी ग्रंथपाल. पुस्तक देणं माझं काम, वाचून घेणं केंद्राचं. आपापल्या हद्दीत राहून काम न करण्याची आमच्याकडे फार चांगली पद्धत आहे. तिसरं कारण असं की केंद्राच्या वापराच्या रजिस्टरवर सही माझी असायची, आणि ते रजिस्टर समितीला आवडलं होतं. मला आज त्याची लाज वाटते.

मग काय, काजल सरांचं चालतं-बोलतं यश झाली. कोणी पाहुणा आला की बोलवा काजलला. सर उतारा वाचणार, काजल म्हणणार, पाहुणा टाळ्या वाजवणार. वर्षभरात तिच्याकडून सरांनी बावीस उतारे 'वाचून घेतले'. एवढ्या वेळात तिला खरंच वाचायला शिकवून झालं असतं. पण तिला वाचता येतंय म्हटल्यावर शिकवायचं कशाला?

मार्चमध्ये सरांचं आयुष्यभराचं स्वप्न पुरं झालं. वाचन-शिक्षक आणि साहाय्यक कर्मचाऱ्यांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण आमच्याच कॉलेजात भरलं. चाळीस कॉलेजांतून माणसं आली. पुण्याहून मुख्य तज्ज्ञ मॅडम आल्या. मंडप पडला, जेवणात पुरणपोळी ठरली, आणि सर महिनाभर पाहुण्यांच्या राहण्याची सोय करत फिरले. त्या महिन्यात केंद्राचं कुलूप मी एकदाही उघडलं नाही. वाचन केंद्र बंद, कारण वाचनाचं प्रशिक्षण आहे, असं मी प्राचार्यांना म्हटलं. "बरोबर," ते म्हणाले, "प्राधान्य महत्त्वाचं." प्राचार्यांना उपहास कळत नाही, त्यामुळे त्यांच्यासोबत नोकरी करणं सोपं जातं.

चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. काजलच्या पेपरला तेव्हा बारा दिवस उरले होते. सकाळी ती माझ्या काउंटरशी आली आणि नुसतीच उभी राहिली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"मॅडम, सर आजबी आंधी वाचून दाखवतीन ना?"

"दाखवतील की."

"पेपरात तं कोणीच दाखवत नाई," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत हॉलकडे निघून गेली.

हॉल गच्च भरला होता. सर नवा कोट घालून स्टेजवर आले. त्यांनी नवा उतारा घेतला आणि आदर्श वाचन केलं. पुण्याच्या मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मग सरांनी पुस्तक काजलच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं, पानाकडे बघितलं, पुन्हा मिटलं आणि माइकमध्ये म्हणाली, "सर, मले हे वाचता येत नाई."

सर हसले. "घाबरू नको. सुरू कर."

"घाबरत नाई, सर. मले हे म्हणता येते. तुमी वाचता अन् मले पाठ होते. बावीसच्या बावीस पाठच हायेत. तुमी इतके खूश व्हाचे का मले सांगाची हिंमतच नाई झाली. पन बारा दिवसांनी माहा पेपर हाये, अन् पेपर मले कोणी आंधी वाचून दाखवत नाई."

प्राचार्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरगी मी पढवून पाठवली होती. तेवढ्यात पुण्याच्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "वंडरफुल!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"विद्यार्थ्याला स्वतःच्या वाचनप्रक्रियेचं भान येणं," मॅडम म्हणाल्या, "ही आपल्या विषयातली सर्वोच्च पातळी आहे. मेटाकॉग्निशन! मी सोळा वर्षांत इतकं सुंदर उदाहरण पाहिलेलं नाही. खरात सर, अभिनंदन!"

आणि हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. खरंच केला. वाचता येत नाही असं सांगणाऱ्या पोरीसाठी दोनशे वाचन-शिक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेतले 'मेटाकॉग्निशन' कसं लिहायचं ते एकमेकांना विचारत होते. प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी काजलला नारळ दिला. फोटोग्राफरनं तिला जरा हसायला सांगितलं.

काजल हसली नाही. नारळ काखेत धरून तिनं सरांना विचारलं, "मंग सर, आता वाचाले कधी बसाचं?"

माइक चालूच होता, पण टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. स्टेजच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या मला गेलं, आणि सरांना गेलं. टाळ्यांसाठी जन्म काढलेला तो माणूस त्या एवढ्या टाळ्यांमध्ये तोंडात मारल्यासारखा उभा होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही सारखंच.

पाचव्या दिवशी समारोप. मी सकाळी नऊला ग्रंथालय उघडलं तर सर दारातच होते. कोट नव्हता. चावी मागितली. काजल पहिल्या एसटीनं आलेलीच होती. खोलीत गेल्यावर सर टेबलाच्या या बाजूला बसले, मग त्या बाजूला बसले, मग उभे राहिले. तिथून मला हाक मारली. त्यांच्या तोंडची पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"मॅडम, मले एक सांगा. सुरू कुठून कराचं असते?"

अडतीस प्रमाणपत्रांचा धनी मला विचारत होता. टोमणा जिभेवर आला होता, तो मी गिळला आणि समाजशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढून दिले. म्हटलं, उत्तरं तिला येतात. प्रश्न वाचता येत नाही. तिथून करा.

सरांनी पहिली प्रश्नपत्रिका उघडली आणि सवयीनं घसा खाकरला. काजलनं हात आडवा धरला. "सर, तुमी वाचू नका."

त्या माणसाला गप्प बसणं किती जड गेलं ते मी पाहिलं. काजल एका शब्दावर अडली. सरांचे ओठ हलले. "थांबा," काजल म्हणाली. ते थांबले. तिनं एकेक अक्षर जोडलं, चुकली, परत मागून आली, आणि पाच ओळींचा प्रश्न तिनं अकरा मिनिटांत वाचला. सरांनी विचारलं, "यानं तुले काय मागतलं?" तिला सांगता आलं नाही. "पुन्यांदा वाच," सर म्हणाले. तिनं पुन्हा वाचला. तिकडं मंडपात 'उत्कृष्ट समन्वयक' म्हणून त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "हा प्रश्न होऊ द्या." बक्षीस प्राचार्यांनी त्यांच्या वतीनं स्वीकारलं आणि दुसऱ्या दिवशी समारोपाला गैरहजर राहिल्याबद्दल सरांना खुलासा मागणारं पत्र दिलं.

पुढचे दहा दिवस दोघं रोज बसले, तिची गाडी येईपर्यंत. अकोल्याचं एकोणचाळिसावं प्रशिक्षण सरांनी सोडलं. आता काजल धडाधड वाचू लागली असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. दहा दिवसांत होतही नाही. ती सावकाशच वाचायची, बोट ठेवूनच वाचायची. एवढंच की प्रश्न संपेपर्यंत त्याची सुरुवात तिच्या लक्षात राहू लागली. एखाद्या दिवशी तेही नाही. तेव्हा सर ओरडायचे, मग ओशाळून चहा मागवायचे.

पेपरच्या दिवशी तिच्या हॉलवर पर्यवेक्षक मी होते. प्रश्नपत्रिका वाटल्या, घंटा झाली, आणि साठ पेनं एकदम सुरू झाली. काजलचं पेन टेबलावर आडवं पडलेलं. तिचं बोट प्रश्नपत्रिकेवर सरकत होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. शेजारच्या पोरानं दुसरं पान उलटलं, हिचं पहिलं पान कोरं. मला काही बोलता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. सोजराबाईचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता. पंचविसाव्या मिनिटाला काजलनं हात वर केला. झालं, मी मनात म्हटलं, आता ही वाचून दाखवा म्हणणार, आणि नियमानं मला नाही म्हणावं लागणार.

मी जवळ गेले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, यात चूक हाये. तिसरा अन् पाचवा प्रश्न एकच हाये."

मी प्रश्नपत्रिका उचलली. तिसरा होता, 'संयुक्त कुटुंबाच्या विघटनाची कारणे स्पष्ट करा.' पाचवा होता, 'एकत्र राहण्याची पद्धत का मोडत चालली आहे, ते सविस्तर लिहा.' शब्द सगळे वेगळे. पाचव्यात 'कुटुंब' हा शब्दच नव्हता. मला दोनदा वाचावं लागलं तेव्हा कळलं.

पेपर काढणाऱ्यांनी तो वाचला नव्हता. छापण्याआधी तपासणाऱ्यांनी वाचला नव्हता. तो वाटताना मीही वाचला नव्हता. परीक्षा केंद्रप्रमुखांना कळवलं तेव्हा त्यांनी वर विद्यापीठात फोन लावला, आणि वरून निरोप आला की पाचवा सोडून द्या, सर्वांना त्याचे गुण मिळतील. मी हॉलमध्ये तसं जाहीर केलं. निम्म्या पोरांनी माना वर केल्या. आधी तिसरा सोडवलेल्या काही जणांनी तेच उत्तर पाचव्याखाली दुसऱ्यांदा लिहायलाही घेतलं होतं.

काजलनं पेन उचललं आणि पहिला प्रश्न लिहायला घेतला.